गुण भरून झाले का?

तिसरीतल्या पोराला हातच्याची वजाबाकी येते की नाही, हे त्याच्या बाईंना एका नजरेत कळतं. पोरगं वहीकडे बघायचं सोडून छताकडे बघायला लागलं की बाई समजतात, हातचा गेला. हीच बातमी राज्याला कळवायची असली की मात्र प्रश्नपत्रिका छापाव्या लागतात. त्या तालुक्याला येतात, तालुक्यातून केंद्राला आणि केंद्रातून कुणाच्या तरी मोटारसायकलवर वाडीला. मग पेपर होतो. मग उत्तरसूची येते. मग बाई पेपर तपासतात आणि छताकडे बघणाऱ्या पोराला वजाबाकीत शून्य मिळालंय, हे त्यांना पुन्हा एकदा कळतं. इथपर्यंतचं सगळं माणसाच्या आवाक्यातलं आहे. यापुढची पायरी म्हणजे गुण भरणे.

या विषयावर मी अधिकारवाणीने बोलू शकतो, कारण मी शिक्षक नाही. मी शिक्षिकेचा नवरा आहे. हे पद शिक्षण विभागाच्या कुठल्याही आकृतिबंधात मंजूर नाही, तरी ते कधी रिक्त राहत नाही. दिवसा मी मंचरला खतं आणि बी-बियाणं विकतो. रात्री जेवण झालं की मी जिल्हा परिषदेचा होतो. ही पेपरांचा गठ्ठा घेऊन पलीकडे बसते आणि खणखणीत आवाजात आकडे सांगते, मी ते चौकोनात टाकतो. "अहो, सतरा म्हटलं मी, सत्तर नाही. पेपरच चाळीसचा आहे." यंत्रालाही ते माहीत असतं. चाळीसपैकी सत्तर टाकले की ते लाल होऊन ओरडतं. पण सतराऐवजी सात टाकले तर काही बोलत नाही. वरची मर्यादा त्याला कळते, खाली बसलेली पोरगी कळत नाही.

आमच्या तालुक्याबद्दल आधी थोडं सांगायला हवं. तालुक्याचं नाव आंबेगाव, कचेऱ्या घोडेगावला, बाजार मंचरला आणि मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली. एवढा सरळ पत्ता असलेल्या लोकांना 'तालुका निवडा, गाव निवडा' या रकान्याची भीती वाटू नये, पण वाटते. पूर्वेला ऊस, मध्ये कांदा-बटाटा, पश्चिमेला भीमाशंकरच्या अंगाला भात, डोंगर आणि आदिवासी वाड्या. पश्चिमेच्या वाड्यांवर शिकवणारी बरीच मंडळी राहायला घोडेगावला किंवा मंचरला असतात, कारण त्यांच्याही मुलांना शाळा लागते. हिची शाळा तिकडेच आहे. दोन शिक्षक, एक व्हरांडा आणि समोर धरणाचं पाणी. आलेल्या पाहुण्याला वाटतं, काय भाग्य! पाहुणा शनिवारी येतो आणि रविवारी जातो.

पूर्वी असं नव्हतं, असं म्हणायचा मोह होतो, पण पूर्वीही काही सुख नव्हतं. माझे सासरे याच तालुक्यात गुरुजी होते. एप्रिल अखेरीला त्यांच्या घरी ओसरीवर निकालपत्रक पसरलं जायचं. चादरीएवढा कागद. निळी शाई पास झालेल्यांना, लाल शाई राहिलेल्यांना. प्रत्येक मुलाची आडवी बेरीज, प्रत्येक विषयाची उभी बेरीज आणि कोपऱ्यात त्या दोन बेरजांची गाठ पडली पाहिजे. नाही पडली तर घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. एक गुण कुठेतरी सांडलेला असायचा आणि तो सापडेपर्यंत सासूबाई चहा देत राहायच्या. पण 1 मेला झेंडावंदन झालं, निकाल वाचून दाखवला, की ते प्रकरण संपायचं. कागद कपाटात, गुरुजी गावाला, पोरं आंब्याखाली. मुख्य म्हणजे कागद परत येऊन "पुन्हा प्रयत्न करा" म्हणत नसे.

मग शिक्षणहक्काचा कायदा आला. 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झालं. कल्पना चांगली होती, आजही आहे. एका पेपरावर पोराचं नशीब ठरवू नका, ते वर्षभर काय करतं ते बघा. म्हणून पहिली-दुसरीला आकारिक मूल्यमापनाचे 70 आणि संकलित चाचणीचे 30, सातवी-आठवीला आकारिक 40 आणि संकलित 60, मधल्यांना मधलं. लाल शाई गेली, तिच्या जागी श्रेणी आल्या. अ-1, अ-2, ब-1, ब-2, क-1, क-2, ड, इ-1, इ-2. एकूण नऊ.

या नऊ श्रेणी शिक्षकांनी पाठ केल्या, अधिकाऱ्यांनी तपासल्या, पण पालकांपर्यंत त्या पोचवायला शेवटी बाजार समितीची मदत घ्यावी लागली. मंचरचा बाजार कांद्याचा. इथल्या माणसाला प्रतवारी समजते, फक्त ती आपल्या भाषेत सांगायला हवी. एक गृहस्थ आमच्या दुकानात युरिया न्यायला आले होते. हिला बघून त्यांनी खिशातून पोराचं प्रगतिपुस्तक काढलं. त्याच खिशात कांद्याची पट्टी होती, त्यामुळे आधी तीच बाहेर आली.

"बाई, हे ब-दोन म्हणजे काय? पास का नापास?"

"नापास कुणीच नसतं हो आता. ब-दोन म्हणजे शंभरात एकसष्ट ते सत्तर."

"म्हणजे गोळा का गोल्टी?"

ही शिकलेली बाई. तिनं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "सुपर मीडियम."

गृहस्थांचा चेहरा एकदम उजळला. "मग ठीकाय की! भाव मिळतो त्याला." पुस्तक खिशात ठेवता ठेवता त्यांनी हळूच विचारलं, "अन् त्या शेजारच्याचं पोरगं?" ते सांगता येत नाही, गोपनीय असतं, असं ही म्हणाली. "म्हणजे बदला," असं म्हणून ते युरिया घेऊन समाधानाने गेले.

आकारिक मूल्यमापनाबरोबर वर्णनात्मक नोंदी आल्या. प्रत्येक मुलाबद्दल प्रत्येक विषयात दोन शब्द लिहायचे. यंदा कुठल्या मुलात काय उमललं, ते शिक्षकाने टिपावं, अशी अपेक्षा. पण एका वर्गात तीसेक पोरं, विषय आठ आणि सत्रं दोन. हा गुणाकार कोणत्याही शिक्षकाला तोंडी येतो. मग कुणीतरी सगळ्या विषयांच्या तयार नोंदींची पीडीएफ बनवली आणि ती मोबाइलवरून महाराष्ट्रभर फिरली. 'वर्गकार्यात उत्स्फूर्तपणे सहभागी होतो.' 'परिसरातील घटकांची माहिती सांगतो.' 'गणितीय क्रिया आत्मविश्वासाने करतो.' गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत लेकरं एकाच वेळी, एकाच शब्दांत उत्स्फूर्त झाली. एकदा हिच्या सहकाऱ्यांनी घाईत मुलींच्या नोंदीही 'सहभागी होतो' अशाच उतरवल्या. तपासणीला आलेल्या साहेबांनी ते पकडलं. तपासणी कडक होती, असं पुढे बरेच दिवस सांगितलं जायचं.

2015 च्या जूनमध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आला आणि त्याच वर्षी राज्याने मुलांची सगळी माहिती 'सरल' नावाच्या ऑनलाइन प्रणालीत गोळा करायला घेतली. प्रत्येक शाळेला 11 अंकी यूडायस क्रमांक होताच, आमच्या जिल्ह्याचा 2725 ने सुरू होतो. आता प्रत्येक पोरालाही नंबर मिळाला. 2023-24 पासून स्टार्स प्रकल्पाखाली नियतकालिक मूल्यांकन चाचण्या होतात. वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत, मग संकलित एक, मग संकलित दोन. भाषा, गणित, इंग्रजी. यामागचा विचारही वाईट नाही. कुठल्या शाळेत पोरांचा भागाकार अडलाय, ते वर बसलेल्यांना वेळेवर दिसावं, म्हणजे मदत पाठवता येईल. मदत अजून वाटेत असेल. रस्ता आमचा घाटाचा आहे.

ऑनलाइन गुण भरण्याचं शास्त्र कुठल्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत, ते अनुभवानेच येतं. पहिला नियम: लिंक आली त्या दिवशी भरायचे नाहीत. पहिल्या दिवशी भरणारे भाबडे असतात. तिसऱ्या दिवशी नवा रकाना निघतो आणि आधी भरलेलं सगळं पुन्हा भरावं लागतं. दुसरा नियम: शेवटच्या दिवशी भरायचे नाहीत, कारण त्या दिवशी सगळा महाराष्ट्र भरत असतो आणि पडद्यावर ते गोल फिरणारं चक्र सोडून दुसरं काही दिसत नाही. तिसरा नियम: मुदतवाढ मिळतेच. पण मुदतवाढ मिळणारच आहे, हे माहीत असल्याचं दाखवायचं नाही. तसं दाखवलं तर एखाद वेळी मिळत नाही.

राहता राहिली रात्र. रात्री दोन-अडीचनंतर पोर्टल पळतं. पळतं म्हणजे अक्षरशः पळतं, दिवसा तासभर लागणारं काम दहा मिनिटांत. शेतीच्या पंपाला थ्री फेज वीजही आमच्याकडे बऱ्याचदा रात्रीचीच येते. त्यामुळे मंचरच्या आसपास त्या वेळेला तिघंच जागे असतात: कांद्याला पाणी देणारा शेतकरी, शिक्षिकेचा नवरा आणि बिबट्या. तिघांपैकी पोटभर मिळण्याची खात्री तिसऱ्यालाच.

बिबट्याचा विषय निघालाच आहे, तर गैरहजेरीचंही सांगून टाकतो. चाचणीला पोरगं आलं नाही तर कारण निवडावं लागतं. यादी खाली उघडते: आजारी, स्थलांतरित, इतर. ही पूर्वी उसाच्या पट्ट्यातल्या शाळेत होती. तिथे सकाळी कुणाच्या तरी उसात बिबट्या दिसला की त्या वस्तीवरची पोरं आली नाहीत, हे ओघानेच आलं. कुठली आई पाठवेल? ही यादीत वर-खाली बघायची आणि शेवटी 'इतर' दाबायची. यात्रेचा दिवस, घाटात बैलगाड्यांची शर्यत, बटाटा काढणी, मोठ्या बहिणीचं लग्न आणि त्याच्या आदल्या दिवशीची हळद, सगळं 'इतर'. राज्याच्या नकाशावर आमच्या भागात बिबट्या नाही, यात्रा नाही, बैल नाहीत. 'इतर' मात्र भरपूर.

घाटाचं नाव निघालंच, तर तिथली आकडेमोड बघण्यासारखी असते. बारा-तेरा सेकंदांत बारी होते, निकाल भोंग्यावर सांगितला जातो आणि हजारो लोक साक्षीला असतात. कुणाचे बैल किती सेकंदांत आले, यावर वर्षानंतरही पारावर भांडण होऊ शकतं, पण नोंद हरवली, असं कधी झालेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली शर्यती थांबवल्या होत्या, त्यांना 2021 च्या डिसेंबरात पुन्हा परवानगी मिळाली. मधली वर्षं गेली, पण आधीचे सेकंद लोकांच्या तोंडपाठ होते. पोरांचे गणिताचे गुण कुणाच्या तोंडपाठ आहेत, असं माझ्या ऐकिवात नाही. मी स्वतः भरलेले मलाही सकाळी आठवत नाहीत.

स्थलांतराचा घोळ वेगळाच. दिवाळीनंतर भीमाशंकर कारखान्याचं गाळप सुरू झालं की बीड-नगरकडची ऊसतोड मंडळी येतात, त्यांच्याबरोबर पोरं येतात. शिक्षक त्यांना कोपीवरून गोळा करून शाळेत आणतात, वर्गात बसवतात, जेवू घालतात. पण पोराचा नंबर राहतो त्याच्या मूळ शाळेत. नंबर इकडे आणायचा तर तिकडच्या मुख्याध्यापकाने ऑनलाइन सोडलं पाहिजे, आणि तो सोडत नाही. त्यालाही त्याचा पट सांभाळायचा असतो. परिणाम असा की समोरच्या बाकावर बसून भराभरा वाचणारं पोरगं पडद्यावर नाही, आणि पडद्यावर ठळक दिसणारं पोरगं गेल्या मार्चमध्ये कोयत्याबरोबर गावी गेलंय. खरं पोरगं विचारतं, "बाई, मी पेपर देऊ?" बाई म्हणतात, दे. ते पेपर देतं, चांगले गुण मिळवतं आणि ते गुण हिच्या वहीत राहतात. पडद्यावरच्या पोराला 'स्थलांतरित' मिळतं. एकदा अशीच एक मुलगी वर्गात पहिली आली होती. पोर्टलच्या हिशेबी त्या वर्गात पहिला नंबर कुणाचाच नव्हता. दुसरा होता.

नावांचं तर विचारूच नका. ओंकारच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये आधार कार्डावर एम आहे आणि शाळेच्या रजिस्टरात एन. त्या एका अक्षरामुळे तो दोन वर्षं 'न जुळलेला विद्यार्थी' होता. घरच्यांनी त्याला न जुळणारा कधी म्हटलं नव्हतं, उलट फारच मनमिळाऊ पोरगं. शेवटी बापाने मंचरला येऊन आधार दुरुस्त केलं, तर नव्या कार्डावर जन्मसाल बदलून आलं. आता नाव जुळतं, वय जुळत नाही. कार्डावर तो धाकट्या भावापेक्षा लहान आहे.

आता थोडं रेंजबद्दल. मंचरहून नाशिकच्या रस्त्याने निघालं की नारायणगाव लागतं आणि तिथून आत खोडद. तिथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 ताटल्या, काही एकत्र, काही दूर शेतांमधून पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली. 2023 च्या जानेवारीत बातमी आली की या दुर्बिणीने 880 कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून निघालेला हायड्रोजनचा संदेश पकडला. आम्हाला फार अभिमान वाटला. मी दुकानात आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. ही त्या संध्याकाळी शाळेतून आली ती डोंगरावर चढून, एका विशिष्ट दगडावर उभी राहून, मोबाइल डोक्यावर धरून आली होती. बारा पोरांचे इंग्रजीचे गुण गेलेत की नाही, ते तिला कळत नव्हतं.

"एवढ्या लांबून हायड्रोजन आला," मी म्हणालो.

"त्याला ओटीपी लागत नसेल," ती म्हणाली.

दुर्बिणीच्या परिसरात रेडिओ लहरींचा गोंगाट नको असतो, म्हणून तिच्या आसपास बंधनं आहेत, असं ऐकतो. मला राहून राहून वाटतं की त्या लोकांची जागा थोडी चुकली. आणखी पश्चिमेला, आहुप्याच्या अंगाला आले असते तर हवी तेवढी शांतता फुकट मिळाली असती. पावसाळ्यात तर विचारायलाच नको, चार-चार दिवस कुठलीही लहर त्या दरीत उतरत नाही. दगडाचं मात्र खरं आहे. हिच्या वाडीवर 'रेंजचा दगड' आहे. शाळेची सहल तिथे जात नाही एवढंच.

म्हणून मग गुण मोटारसायकलवरून मंचरला येतात. ज्या घरात नवरा उपलब्ध नाही किंवा तो संगणकाला घाबरतो, ते लोक रविवारी ऑनलाइन सेवा देणाऱ्या दुकानात जातात. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, सातबारा, पीक विमा, दाखले, आणि हंगामात गुण भरून मिळतील. अशाच एका दुकानात परवा गेलो होतो. टेबलामागे पंचविशीचा पोरगा. समोर प्लास्टिकच्या खुर्चीवर एक वयस्क गुरुजी, मांडीवर गठ्ठा. पोरगा त्यांचाच विद्यार्थी होता, हे बोलण्यावरून लगेच कळलं.

"गुरुजी, ओटीपी सांगा."

गुरुजी चष्मा सारखा करून मोबाइलकडे बघू लागले.

"गुरुजी, लवकर. वेळ संपतोय."

"थांब रे, चार... नाही, सात..."

"गेला. आता पुन्हा मागवावा लागंल. गुरुजी, जरा लक्ष देत जा."

गुरुजींनी मान खाली घातली. आयुष्यभर त्यांनी हे वाक्य किती पोरांना ऐकवलं असेल, पण पोरगा काही सूड वगैरे उगवत नव्हता. तो मन लावून काम करत होता. पुढच्या खेपेला आकडे बरोबर आले, तेव्हा तो म्हणाला, "हां, असं!" आणि गुरुजी चक्क खूश झाले. मग त्याने भरता भरता एक पेपर उचलून बघितला. "गुरुजी, याला तीनच? याचा बाप माझ्या वर्गात होता. त्याला पण तीनच पडायचे." गुरुजी म्हणाले, "त्याला दोन पडायचे. एक मी वाढवायचो." हा एक गुण मात्र कुठल्याच रकान्यात नाही. आकडे वाढवण्याची मुभा पोर्टललाही आहे, पण ते विचारपूर्वक वाढवत नाही.

जुन्नरकडच्या नाणेघाटात सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे. यज्ञांत दान दिलेल्या गाई, घोडे, नाणी यांचे आकडे तिथे दगडात कोरलेले आहेत. दोन हजार वर्षं झाली, आकडे जागेवर आहेत. ते कोरणाऱ्या माणसाचं काम फार कष्टाचं असणार, मान्य. पण अकरा हजार गाई कोरून झाल्यावर त्याला कुणी 'आपले सत्र संपले आहे, कृपया पुन्हा लॉग इन करा' असं म्हटलं नसावं. म्हटलं असतं तर घाटात निम्मीच गुरं राहिली असती.

या सगळ्याचा सूत्रधार मोबाइलवरचा ग्रुप. केंद्राचा वेगळा, बीटचा वेगळा, तालुक्याचा वेगळा, आणि 'फक्त सूचना' नावाचा एक, ज्यावर सगळ्यात जास्त गप्पा होतात. सकाळी सातला पहिला निरोप येतो: 'वरिष्ठ कार्यालयाकडून विचारणा होत आहे.' खाली हात जोडलेले. दहाला: 'आज सायं. 5 पर्यंत.' दुपारी: 'अतितात्काळ.' चारला यादी येते, प्रलंबित शाळांची. ही यादी म्हणजे परीक्षेचं खरं गांभीर्य. पोराला तीन गुण पडले तर कुणाला फोन जात नाही, पण चौकोन रिकामा राहिला तर तीन जणांचे फोन येतात. यंत्राला वाईट गुण चालतात, चांगले चालतात, चुकीचे तर फारच चालतात. त्याला धास्ती एका रिकाम्या चौकोनाची. केंद्राचं काम शंभर टक्के झालं की ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडतो, 'आपलं केंद्र तालुक्यात प्रथम', पुष्पगुच्छांची चित्रं. कशात प्रथम, असं एकदा एका नव्या शिक्षकाने विचारलं होतं. भरण्यात, असं उत्तर आलं.

हिची दोनशे पानी वही मी कधीमधी चाळतो. तिथे गुणांच्या शेजारी बारीक अक्षरांत काय काय असतं. 'हातचा विसरतो.' 'मोठ्याने वाचायला लाजते, गोष्ट सांगते छान.' 'फळ्यावरचं दिसत नाही बहुतेक. आईला सांगणे.' त्या शेवटच्याला मग चष्मा लागला आणि त्याचं गणित सुधारलं. पोर्टलवर त्याची पायाभूत चाचणी लाल, संकलित एक हिरवी. वर कुठेतरी त्या हिरव्यावर एक आलेख निघाला असेल आणि कुठल्यातरी उपक्रमाला त्याचं श्रेय मिळालं असेल. चष्मेवाल्याला नाही. त्याचं दुकान आमच्याच गल्लीत आहे, पण त्याला यूडायस क्रमांक नाही.

आम्हा नवऱ्यांची एक बैठक असते. ठरलेली नाही, पण हंगामात सकाळी फिरायला जाताना किंवा दाढीच्या दुकानात गाठ पडते. डोळे लाल, चेहरे ओढलेले. "तुमची कितवी?" "पाचवी झाली. सहावीचं गणित अडकलंय." "आमची सातवी काल रात्री गेली, पण सकाळी बघतो तर परत शून्य." एक अनोळखी गिऱ्हाईक एकदा ते ऐकून म्हणालं, "या वयात शिकताय, कौतुक आहे तुमचं."

गेल्या आठवड्यात या बैठकीत निघोटवाडीकडचा एक तरुण आला. त्याचं लग्न जमलंय, मुलगी शिक्षिका. घरच्यांनी रीतीप्रमाणे सगळं बघितलं होतं. पत्रिका जुळली, जमीन बागायती, पोरगा निर्व्यसनी, मुलीची नोकरी कायम. मंडळींनी त्याला मधल्या खुर्चीवर बसवलं, चहा मागवला. सगळ्यांत जुन्या नवऱ्याने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "घरी नेट कुठलं आहे?"

पोराने सांगितलं.

"आणि रात्री जागायची सवय?"

"हाय की. कांद्याला पाणी असतं."

"मग करून टाक," जुना नवरा म्हणाला. "फक्त लग्नाची तारीख संकलित दोनच्या आधीची धर. नाहीतर ती हळदीच्या अंगाने आकडे सांगत बसेल."